खोट्या भुतांचा शनिवार

आमच्या केंद्रात महिन्यातल्या एका शनिवारी एक देश उरकतात. 'उरकणे' हा शब्द माझा नाही, मॅडमचाच आहे. "या महिन्यात मेक्सिको उरकू, पुढच्या महिन्यात इटली." देश उरकायला चाळीस मिनिटं लागतात. आधी झेंडा रंगवायचा, मग मोबाइलवर गाणं लावून नाचायचं, मग त्या देशाचा खाऊ, म्हणजे कोपऱ्यावरच्या 'कोम्बिनी' दुकानात त्या दिवशी जे मिळेल ते, आणि उरलेल्या वेळात फोटो. मेक्सिकोच्या शनिवारी आम्ही मुलांच्या ओठांवर कागदी मिशा चिकटवल्या. इटलीच्या शनिवारी पुन्हा त्याच चिकटवल्या, कारण पाकिटात उरल्या होत्या. भारताला मात्र दोन शनिवार मिळाले, आणि तेव्हा मिशा कुणाला सुचल्या नाहीत.

हे मी तुच्छतेनं लिहितेय, मला कळतंय. मिशा चिकटवणारे हात माझेच होते, हेही लिहायला हवं. पण 'जगातले सण' असं नाव दिलेल्या त्या शनिवारांइतकी पोकळ गोष्ट मी जपानमध्ये दुसरी पाहिली नाही. मुलं जगाबद्दल काही शिकत नव्हती. जग म्हणजे कपडे बदलून फोटो काढायची जागा, एवढंच शिकत होती. आणि ते मात्र पक्कं शिकत होती.

केंद्र टोकियोत, तोयोसू भागात आहे, एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर. शाळा सुटल्यापासून आईबाप ऑफिसातून येईपर्यंत मुलांना सांभाळायचं. बरीचशी मुलं भारतीय, थोडी इतर देशांतली. चालवणाऱ्या मॅडम मुंबईच्या. नवऱ्याच्या बँकेनं टोकियोला पाठवलं म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. मी कॉलेजात शिकते, ग्योतोकूला एका खोलीत राहते आणि आठवड्यातून तीन दिवस या बाइतोसाठी, म्हणजे अर्धवेळ कामासाठी, ट्रेन आणि मग बस करून तिथं जाते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. मॅडमनी मला घेतलं ते मला जपानी येतं म्हणून.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "कुठली गं तू?"

मी म्हटलं, "नाशिक."

"अरे वा. नाशिकला कुठे? कॉलेज रोड?"

"हो… म्हणजे त्याच बाजूला."

नाशिकला मी तीन वर्षं कॉलेजच्या वसतिगृहात होते, त्यामुळे हे पूर्ण खोटं नव्हतं. पण आमचा पाडा मोखाड्याच्याही पुढे आहे, एसटी जिथं वळून परत फिरते तिथून चालत. दहावीपर्यंत मी आश्रमशाळेत होते. हे सांगायला काहीच हरकत नव्हती. तरी मी सांगितलं नाही, आणि एकदा नाही सांगितलं की नंतर सांगणं अवघड होतं. कुणी विचारत नाही आणि आपण आपलं तोंड उघडत नाही.

त्या वर्षी केंद्रात सात वर्षांची एक मुलगी होती. तिची आई नायजेरियातली, योरुबा. तोयोसूतच एका ऑफिसात काम करायची. इथं मुलांच्या आयांना सगळे 'मामा' म्हणतात. मराठी कानाला ते शेवटपर्यंत खटकतं, पण तिला मी मामा-सानच म्हणायचे, आणि ती मला सेन्सेई, म्हणजे शिक्षिका. मुलगी जपानी शाळेत जायची. आईनं योरुबात विचारलं की ती जपानीत उत्तर द्यायची, इंग्रजीत विचारलं तरी जपानीतच.

मामा-सान संध्याकाळी सहाला यायची. मुलगी बुटांच्या कप्प्यापाशी बसून बूट घालायला इतका वेळ लावायची की आम्हा दोघींना बोलायला पुरेसा अवकाश मिळायचा. आम्ही जपानीत बोलायचो. तिचं जपानी माझ्यापेक्षा कच्चं, माझं इंग्रजी तिच्यापेक्षा कच्चं, म्हणून जपानी दोघींना सारखंच गैरसोयीचं आणि त्यामुळे न्यायाचं होतं. तिनं मला तिच्या गावाकडचे सण असे, बूट चढेपर्यंतच्या तुकड्यांत सांगितले. नवा याम, म्हणजे तिकडचा कंद, निघाला की तो आधी देवांना आणि पूर्वजांना, मगच माणसांना. त्याआधी घरात कुणी तोंड लावायचं नाही. ओशुन नदीचा उत्सव. आणि एगुंगुन, म्हणजे कापडांनी झाकलेल्या रूपात गावात येणारे पूर्वज.

सप्टेंबरात मॅडमनी जाहीर केलं, "ऑक्टोबरात आफ्रिका घेऊ या. हॅलोविनही त्यातच उरकेल."

आफ्रिका हा एक देश नाही, हे मी हळूच म्हणून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, मुलं सहा-सात वर्षांची आहेत. नकाशा काय काढत बसतेस?"

मामा-सानला हे कळलं तेव्हा ती त्या दिवशी घाईत असूनही थांबली. मुलगी बाहेर सायकलपाशी गेली होती.

"सेन्सेई, एगुंगुनबद्दल तुम्ही सांगाल का? नीट?"

मग तिनं कारण सांगितलं. तिचे वडील, म्हणजे मुलीचे आजोबा, एप्रिलमध्ये गावी वारले होते. तिला जाता आलं नव्हतं. तिनं मुलीला समजावलं की आजोबा गेले असले तरी एगुंगुनच्या दिवसांत परत येतील, घराची विचारपूस करतील. मुलीनं हे शाळेत सांगितलं. वर्गातली मुलं म्हणाली, म्हणजे तुझे आजोबा भूत आहेत. तेव्हापासून मुलीनं आजोबांचा फोटो उलटा करून ठेवला होता. सरळ केला की पुन्हा उलटा.

"मी सांगते ते ती ऐकत नाही," मामा-सान म्हणाली. "आई काय, काहीही सांगते. सेन्सेईनं सांगितलं की मात्र ते खरं असतं."

मी हो म्हटलं. तिनं एकच अट घातली. आत माणूस असतो असं म्हणायचं नाही. कपड्यांच्या पट्ट्यांवर पट्ट्या असतात, घरचे लोक वर्षावर्षाला नवं कापड जोडत जातात, तो गरगर फिरतो तेव्हा जो वारा लागतो तो आशीर्वाद. काठ्या घेतलेले लोक गर्दीला लांब ठेवतात, कारण त्याला हात लावायचा नसतो. "पण आत कोण, हे विचारायचं नसतं. बायकांनी तर नाहीच नाही. आम्हाला माहीत असतं आणि आम्हाला माहीत नसतं."

मी मान हलवली. ते कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती. का नव्हती, हे मी तेव्हा तिलाही सांगितलं नाही.

*

मॅडमना प्रत्येक शनिवारच्या आधी एक टिपण लागतं. मी मराठीत लिहून पाठवायचं, त्या त्यावरून इंग्रजी पोस्टर करायच्या. मी खूप विचार करून लिहिलं. एगुंगुनसाठी मराठी शब्द हवा होता. मुखवटा म्हणावं तर नुसता मुखवटा नाही. नाटक म्हणणं तर अगदीच चूक. मग मला शब्द सापडला आणि मी बसमध्ये एकटीच हसले, इतका तो चपखल होता. मी लिहिलं: 'एगुंगुन म्हणजे पूर्वजांचं सोंग.'

आमच्याकडे होळीनंतर बोहाडा होतो. गावातल्या एकेका घराकडे एकेक सोंग असतं, बापाकडून मुलाकडे आलेलं. लाकडाचा मुखवटा, सांबळ, सनई, आणि सोंग येतं. 'येतं' म्हणतात. 'कोणी तरी सोंग घेतलंय' असं तिथं कुणी म्हणत नाही. आमच्या घराकडे त्राटिका आहे. माझे बाबा त्राटिका नाचवतात, त्यांच्याआधी आजोबा नाचवायचे. मुखवटा चढला की माझी आई बाबांना ओवाळते आणि पाया पडते. एरवी ती बाबांना पाण्याचा तांब्याही सरळ हातात देत नाही, समोर आदळते. पण तेव्हा ते बाबा नसतात. ते सोंग असतं.

हा शब्द मी पाठवला. गुरुवारी संध्याकाळी मी केंद्रात आले तर बुटांच्या कप्प्याच्या वर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला पोस्टर लागलं होतं. चादर पांघरलेलं एक गोंडस भूत, त्याच्या हातात ढोल, मागे नारळाची झाडं. वर मोठ्या नारिंगी अक्षरांत इंग्रजीत, ज्याचा अर्थ होतो: 'आफ्रिकेची खोटी खोटी भुतं! फॅन्सी ड्रेस घालून या!'

मॅडम खुशीत होत्या. "तुझं टिपण मस्त होतं हं. सोंग! काय क्यूट शब्द काढलास. पण इंग्रजीत कसं म्हणायचं कळेना, मग म्हटलं सोंग म्हणजे काय, खोटंखोटं. सोंगंढोंगं. हो ना?"

मुंबईत, पुण्यात, नाशिकच्या कॉलेज रोडवरही, सोंग म्हणजे तेच. 'काय सोंगं चाललीयत.' 'आजारपणाचं सोंग.' मॅडमचं मराठी चुकलेलं नव्हतं. माझंही नव्हतं. फक्त मी माझ्या गावाचा शब्द वापरून गाव लपवून ठेवलं होतं, आणि मग तो शब्द शहरात एकटा काय करणार?

मी म्हणाले, "मॅडम, तसं नाही… म्हणजे थोडं वेगळं…"

"अगं, लहान मुलं आहेत. त्यांना काय फरक पडतो?"

लहान मुलांना फरक पडत नाही, हे वाक्य मी या कामात जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा फरक न पडणारी व्यक्ती मोठी होती.

सहाला मामा-सान आली. ती पोस्टरसमोर उभी राहिली. तिनं ते एकदा वाचलं, मग अगदी सावकाश पुन्हा वाचलं. मुलगी बूट घालत होती, तिनंही मान वर करून वाचलं. तिला इंग्रजी वाचता येतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"सेन्सेई," मामा-सान म्हणाली, "हे शब्द तुमचे?"

इथं जपानी भाषेनं मला एक वाईट सवय लावली आहे. काहीच बोलायचं नसेल तेव्हा 'चोत्तो' म्हणायचं, म्हणजे 'जरासं'. वाक्य पुरं करायचं नाही. समोरच्यानं समजून घ्यायचं. मी म्हटलं, "चोत्तो…"

तिनं समजून घेतलं. तिला समजलं ते असं, की शब्द माझेच होते. आणि ते खरंच होतं.

"शनिवारी आम्हाला दुसरं काम आहे," ती म्हणाली. मुलीनं बूट त्या दिवशी अर्ध्या मिनिटात घातले.

*

शुक्रवारी माझी केंद्रात पाळी नव्हती. कॉलेजातून परतल्यावर मी बाबांना फोन केला. इथं संध्याकाळचे सात, त्यांच्याकडे दुपार. बाबा आमच्या बोलीत बोलतात. मी इथं पुस्तकी करून लिहितेय, कारण ती बोली लिहायला मला कुणी शिकवलं नाही आणि मीही शिकले नाही.

मी सगळं सांगितलं. नायजेरिया कुठे आहे तेही सांगितलं. बाबांनी ते सोडून भलतंच विचारलं.

"त्यांच्यात पण काठीवाले असतात?"

"असतात."

"मग बरोबर आहे. पोरं फार अंगचटीला येतात." मग म्हणाले, "त्या तुझ्या मॅडमला सांगितलं का आपल्याकडचं?"

"नाही."

"का? नाशिकवाली झालीस ना तू. आम्ही ऐकलंय."

"कुणाकडून?"

"तूच नाही का म्हणालीस, बाबा, बोहाड्याचे फोटो ग्रुपवर टाकू नका, माझ्या मैत्रिणी बघतात म्हणून. मी काय इतका येडा आहे?"

ते हसत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "बाबा, मुलांनी विचारलं की आत कोण आहे, तर काय सांगू?"

"आत कोण आहे ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. तुझी आई मुखवट्याच्या दोऱ्या बांधते. ठाऊक असणं वेगळं, विचारणं वेगळं. ज्याला विचारायची खाज आहे त्यानं घरी बसावं." आणि वर, "झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार, म्हणतात ना लोक? ते दुसरं सोंग. तू ते घेऊन बसलीयस. ते तेवढं उतरव."

फोन ठेवल्यावर मी जेवले नाही, असं लिहिलं तर ते शोभेल, पण मी जेवले. मग मी मामा-सानला जपानीत निरोप लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी जो गेला त्यात व्याकरणाच्या चुका होत्या आणि एकही 'चोत्तो' नव्हता. लिहिलं: पोस्टरवरचा शब्द माझ्या शब्दावरून आला. माझ्या गावाच्या भाषेत त्याचा अर्थ 'खोटं' असा नाही. माझे वडील त्यातलेच आहेत. मला लाज वाटत होती म्हणून मी हे केंद्रात कुणाला सांगितलं नव्हतं. उद्या सांगणार आहे. तुम्ही याल तर मुलीसमोर सांगेन, नाही आलात तरी सांगेन.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. एकच ओळ: 'तुमचे वडील आत असतात?'

मी लिहिलं: 'आत कोणी नसतं.'

त्यावर तिनं हसणारं चित्र पाठवलं की रडणारं, ते मला त्या छोट्या चित्रांत नेहमीच कळत नाही. येणार की नाही हे तिनं लिहिलं नाही.

*

शनिवारी मुलं चादरी पांघरून आली. एक जण वटवाघूळ होता, दोघी राजकन्या होत्या, कारण त्यांच्याकडे तेवढाच पोशाख होता. मॅडमनी खाऊ म्हणून रताळी आणली होती. भाजलेली, सुपरमार्केटातली.

"याम!" त्या म्हणाल्या. "हे इथं मिळतं तेच ना?"

रताळं म्हणजे याम नव्हे. आमच्याकडे जंगलातून करांदे आणतात, ते यामचे सख्खे भाऊ. याम कसा दिसत असेल हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि मी इतके दिवस रताळ्यांच्या बाजूनं गप्प बसले होते. मी म्हटलं, "मॅडम, हे रताळं आहे. चांगलं आहे, पण रताळं आहे." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या साध्या वाक्याला मला इतके महिने लागले, याचं मला स्वतःलाच हसू आलं.

मामा-सान आणि मुलगी आल्या नव्हत्या. मी सुरुवात केली.

आधी ओशुनची गोष्ट सांगितली. फार पूर्वी काही माणसं पाणी शोधत निघाली. त्यांना जंगलात एक नदी सापडली. घरं बांधायला ती झाडं तोडू लागली. एक मोठं झाड धाडकन नदीत पडलं, आणि पाण्याखालून आवाज आला, "अरे! माझी रंगाची मडकी फोडलीत की सगळी!" कारण नदीत ओशुन देवी राहायची आणि तिथं ती कापडं निळीत रंगवायची.

"मग ते सॉरी म्हणाले का?" एका राजकन्येनं विचारलं.

"म्हणाले. वाकून म्हणाले."

"किती वेळा?" इथं वाढलेल्या मुलांना हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

"अजून म्हणतातच आहेत. दरवर्षी नदीकाठी जाऊन. तोच तो सण."

वटवाघळानं हात वर केला. "फुटलेली मडकी कुठल्या दिवशी टाकली? ती जळणाऱ्या कचऱ्यात चालत नाहीत."

इथं जळणारा आणि न जळणारा कचरा टाकायचे वार वेगळे असतात. मागे उभ्या दोन आया हसल्या. मला मात्र तो त्या वर्षभरातला पहिला खरा प्रश्न वाटला. त्या मुलाला मडकी दिसत होती. झेंड्यावरून कधी कुणाला काही दिसलं नव्हतं.

तेवढ्यात दार सरकलं. मामा-सान आत आली, मागे मुलगी. मुलगी बूट काढून माझ्यापासून सगळ्यांत लांबच्या चटईवर बसली, गुडघ्यात हनुवटी रुतवून. मामा-सानच्या हातात निळं कापड होतं, घडी घातलेलं.

मी पोस्टरकडे बोट दाखवलं. "हे चूक आहे," मी म्हणाले. "चूक माझी आहे. एगुंगुन खोटं नसतं आणि भूत नसतं." मॅडम मागे मोबाइल धरून चित्रीकरण करत होत्या. "आपल्या घरातलं कुणी गेलं तर त्यांना आपली आठवण येतेच. ते वर्षातून एकदा येऊन बघतात. कोण मोठं झालं, कोण भांडलं, कुणाचा दात पडला. ते कापडांतून येतात. फिरले की वारा येतो. ज्याला वारा लागला त्याचं भलं होतं."

"आत माणूस असतो ना?" एक चादर ओरडली. "मला माहितेय! चेन असते मागे!"

सगळी हसली. मुलीनं हनुवटी आणखी खाली नेली.

"माझे बाबा असे येतात," मी म्हणाले.

हे मी जपानीत म्हटलं, इंग्रजीत म्हटलं आणि मग, का कोण जाणे, मराठीतही म्हटलं. "माझ्या गावाला आम्ही त्याला सोंग म्हणतो. आमच्या घराकडे त्राटिकेचं सोंग आहे."

मागच्या आयांपैकी एक फिस्सकन हसली. शहरात त्राटिका म्हणजे भांडकुदळ बाई. मॅडमनी मोबाइल खाली घेतला. "अगं, पण तू नाशिकची ना?"

"नाही. मोखाड्याच्या पुढे. पाड्यावरची."

"मग आधी नाही का सांगायचंस? आपण ट्रायबल डे केला असता!"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. त्यात मी काही घातलेलं नाही. घालायला काही उरतच नाही.

मी मॅडमकडे न पाहता मुलांना सांगितलं, "माझी आई माझ्या बाबांच्या पाया पडते तेव्हा. एरवी कधीच पडत नाही. कारण तेव्हा आत कोण आहे हे तिला माहीत असतं, पण ती विचारत नाही. विचारणं असभ्य आहे."

"शित्सुरेई," मुलगी म्हणाली. असभ्य, या अर्थाचा जपानी शब्द. तिनं मान वर केली होती आणि ती चेनवाल्या चादरीकडे बघत होती. "आत कोण असं विचारणं शित्सुरेई आहे. तू आता गप्प बस."

चादर गप्प बसली. सात वर्षांच्या मुलीनं असं म्हटल्यावर सात वर्षांचा मुलगा गप्पच बसतो.

मामा-सान उठली. आम्ही काही ठरवलं नव्हतं. तिनं वडिलांचं ते निळं कापड मुलांना दाखवायला आणलं होतं, बाकी काही नाही. पोशाख नाही, मुखवटा नाही. ती गोलाच्या मध्ये आली आणि घडी मोडायला तिनं ते दोन्ही हातांनी एकदा जोरात झटकलं, जशी आपण धुतलेली चादर वाळत घालताना झटकतो. कापड मोठं होतं. वारा पहिल्या रांगेतल्या सगळ्यांच्या तोंडावर गेला. राजकन्येचा मुकुट पडला. दूर बसलेल्या मुलीचे कपाळावरचे बारीक केस हलले.

"किता," मुलगी म्हणाली. आले.

कुणी हसलं नाही. मला वाटतं मुलांना हसायचं सुचलंच नाही. मामा-साननं कापड जमिनीवर पसरलं, मुलं लांबून गोल करून बघत बसली, आणि मुलगी काठीवाल्यासारखी हात आडवे धरून उभी राहिली. "हात लावायचा नाही. दामे, चालणार नाही. मागे व्हा."

मॅडमनी चित्रीकरण पुन्हा सुरू केलं होतं. संध्याकाळी ते केंद्राच्या पानावर आलं. खाली लिहिलं होतं, 'आमच्या चिमुकल्या भुतांनी केली आफ्रिकेत धम्माल!' त्यात रताळी दिसतात, चादरी दिसतात, मुकुट पडताना दिसतो. माझं बोलणं गाण्याखाली दबलं आहे. पुढच्या महिन्याचं पोस्टर लागेपर्यंत भूत बुटांच्या कप्प्यावर तसंच हसत राहिलं. मी ते उतरवू का म्हणून विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "राहू दे गं, गोड आहे." मी तरी उतरवायला हवं होतं. नाही उतरवलं. एका शनिवारात माणूस किती बदलणार?

पण त्या दिवशी निघताना मुलगी बूट घालत बसली होती, पूर्वीसारखीच, सावकाश. मामा-सान कापडाची घडी घालत होती. मुलीनं मला विचारलं, "सेन्सेई, तुमचे बाबा कधी येतात?"

"होळीनंतर. एप्रिलच्या आसपास."

तिनं एक बूट पुरा घातला, नाडी ओढली.

"माझे आजोबा लवकर आले," ती म्हणाली. मग दुसऱ्या बुटाकडे बघत, "आई, घरी गेल्यावर फोटो मी सरळ करणार. तू करू नकोस."